ताकद देवपूरची, टक्के जळगावचे

पारोळ्याच्या एका सरकारी कचेरीत दिपमाला पाटील आवक-जावकच्या टेबलावर बसते. बाहेरून येणारं प्रत्येक पत्र आधी तिच्या हाताखालून जातं. ती शिक्का मारते, क्रमांक घालते, रजिस्टरात विषय लिहिते आणि मग ते पत्र साहेबांच्या टेबलावर जाऊन निवांत झोपी जातं. सहा वर्षांत असं एकही पत्र आलं नव्हतं की जे वाचून कोणाला घाम फुटावा. सरकारी पत्राचा तो हेतूही नसतो. पण जुलैच्या दुसऱ्या मंगळवारी जे पत्र आलं, त्याचा विषय तिने स्वतःच्याच वळणदार अक्षरात लिहिला : 'दिव्यांग आरक्षणातून नियुक्त कर्मचाऱ्यांच्या प्रमाणपत्रांची फेरतपासणी.' त्या कचेरीत असा कर्मचारी एकच होता आणि त्या क्षणी तो शिक्क्याला शाई लावत होता.

पत्र दीड पानी होतं, अर्थ दीड ओळीचा. चार आठवड्यांनी, सोमवारी, जळगावच्या सरकारी रुग्णालयात तपासणीला हजर राहावं. टक्केवारी चाळीसच्या खाली भरली तर 'पुढील कार्यवाही' करण्यात येईल. पुढील कार्यवाही म्हणजे काय, ते लिहिलेलं नव्हतं. पण सहा वर्षं तेच शब्द रजिस्टरात लिहिणाऱ्या बाईला ते समजावून सांगायची गरज नव्हती. नोकरी जाणार.

दिपमालाच्या दाखल्यावर पंचावन्न टक्के होते. अकरा वर्षांची असताना मिळालेला दाखला. 'सेरेब्रल पाल्सी, दोन्ही पाय.' सातव्या महिन्यात जन्मली, तेव्हा मेंदूच्या एका कोपऱ्याला इजा झाली. पाय तसे धडधाकट, पण मेंदूकडून त्यांना जाणारा हुकूम कधी वेळेवर पोचत नसे आणि पोचला तर त्यात 'आवळा' एवढाच मजकूर असे. चालताना गुडघे एकमेकांना घासत, टाचा जमिनीला टेकत नसत, चपलेचं नाक महिन्याभरात झिजे. हे सगळं तसंच राहिलं असतं तर चार आठवडे तिने शांतपणे रजिस्टरात विषय लिहीत काढले असते. अडचण अशी झाली होती, की गेल्या चौदा महिन्यांत तिचे पाय सुधारले होते.

सुधारणारी बाई धुळ्याला, देवपुरात. नाव रिद्धी. वडील सुभाषचंद यांचं खाली भांड्यांचं दुकान आणि वर रिद्धीचा फिजिओथेरपीचा दवाखाना, मध्ये सतरा पायऱ्यांचा जिना. ज्यांना चालता येत नाही त्यांचा दवाखाना जिन्यावर काढावा, ही कल्पना सुभाषचंदांची. "खालची जागा धंद्याची आहे," ते म्हणत. रिद्धी म्हणे, "असू दे. जिना चढून आलात की निम्मा व्यायाम झाला."

तिच्याकडे जाण्याआधी दिपमालाच्या पायांवर सव्वीस वर्षं एकच उपाय चालू होता : तेल. माय सकाळी चोळे, आजी होती तोवर ती संध्याकाळी चोळे. त्या पायांनी जेवढं तेल प्यायलं तेवढ्यात भरिताच्या चार पंगती उठल्या असत्या. जुने जाणकार एक गोष्ट मात्र निक्षून सांगत : आवळलेल्या पायांना वजन बिजन लावू नका, आणखी आवळतील. रिद्धीने पहिल्याच दिवशी ते मोडीत काढलं.

"आवळलेला पाय म्हणजे ताकदीचा पाय नव्हे," ती म्हणाली. "मूठ घट्ट मिटली म्हणून ती बादली उचलते का? तुमच्या पायांत ताकदच नाहीये. ती आणू. मग तोल येईल."

आणि ती आणायची पद्धत काय, तर खुर्चीवरून हात न टेकता उठायचं आणि बसायचं. मुद्दाम. पाठीला शाळेचं दप्तर बांधून, दप्तरात दोन किलो दादर ज्वारी घालून. पुढे चार किलो. पायरी चढायची, उतरायची, टाचा उचलायच्या. शेवटी काहीही न धरता एका पायावर उभं राहायचं आणि रिद्धीने घड्याळ लावायचं. घरी माय भिकुबाई कुरकुरली, की दळणाचं धान्य पोर पाठीवर घेऊन उठाबशा काढते. पण दर रविवारी दप्तरातली दादर तीच निवडून ठेवी.

पहिल्या दिवशी दिपमाला एका पायावर दोन सेकंद उभी राहिली. चौदा महिन्यांनी अकरा सेकंद. अकरा सेकंदांत जगात काहीही घडत नाही. पण तेवढ्या वेळात बाईमाणूस भिंतीला न टेकता सलवार घालू शकतं. ज्यांनी सव्वीस वर्षं पलंगावर बसून सलवार घातली, त्यांनाच ही गोष्ट कळेल.

कचेरीतही लोकांच्या ध्यानात आलं होतं. शिपाई अभिमन तर चहा आणताना दररोज म्हणे, "मॅडम, आता तर तुम्ही आमच्यासारख्याच चालता की!" दिपमालाला ते ऐकायला आवडे. अभिमन स्वतः कसा चालतो हे माहीत असूनही आवडे. पत्र आलं त्या दिवशी त्याने चहाचा कप टेबलावर ठेवला, इकडे तिकडे बघितलं आणि हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, मी काही बोललो नव्हतो बरं का."

*

त्या रात्री जेवणं झाल्यावर झुलाल नाना आले. नाना म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. पस्तीस वर्षं लोकांचे पास तपासल्यामुळे जगात खरं कोण आणि खोटं कोण हे आपल्याला एका नजरेत कळतं, अशी त्यांची समजूत होती आणि ती दूर करण्याची घरात कोणाची छाती नव्हती. पत्राची झेरॉक्स त्यांनी चष्मा वर-खाली करून दोनदा वाचली.

"देख पोरी," ते म्हणाले, "सरकार काय देखस? सरकार चाल देखस. तू आते जशी चालस ना, तशी जळगावले चालशी ते नोकरी गयी समज."

"नाना, दाखला खरा शे मना," दिपमाला म्हणाली.

"दाखला खरा शे. पाय खोटा पडी राह्यनात."

नानांनी मग योजना मांडली. योजनेचे दोन भाग होते. पहिला, देवपूर बंद. व्यायाम बंद, दप्तर बंद. चार आठवड्यांत जेवढी ताकद उतरेल तेवढी उतरू द्यायची.

"पाय थोडा कमी कर," नाना म्हणाले.

"कमी करानं?" माय म्हणाली. "ते काय भाजीमानं मीठ शे का?"

"मीठ कमी करता येत नही, भिकुबाई. पाय येतस."

दुसरा भाग म्हणजे चाल. नुसते कमजोर पाय पुरणार नाहीत, ते साहेबाला लांबून दिसलेही पाहिजेत. त्यासाठी नानांनी मास्तरही ठरवला होता : गल्लीच्या टोकाचे तोताराम टेलर. तोतारामभाऊंना लहानपणी पोलिओ झालेला. डाव्या मांडीवर हात दाबून, कमरेला हेलकावा देत ते असे चालत, की तीन दुकानं पलीकडून कळावं, तोताराम आला. "त्याले कोणीच टक्का इचारत नही," नाना म्हणाले. "चाल अशी पाहिजे."

वडील चुडामण आबा हे सगळं ऐकत भिंतीला टेकून बसले होते. ते फार बोलत नाहीत. कापसाची चार एकर जमीन आहे, तीही बोलत नाही. दोघांचं बरं जमतं. पोरगी चालायला लागल्यापासून ते तिच्या अर्धं पाऊल मागे चालत आले आहेत, उजवा हात किंचित पुढे. लग्नात, बाजारात, परीक्षेला, मुलाखतीला. अलीकडे वर्षभर तो हात त्यांनी खिशात घालायला सुरुवात केली होती. त्या रात्री त्यांनी नानांकडे बघितलं, पोरीकडे बघितलं आणि म्हणाले, "नोकरी ते पाहिजेच." एवढंच.

तेव्हा ठरलं. दिपमालाने रिद्धीला फोन करून सांगितलं, कचेरीत काम वाढलंय, महिनाभर जमणार नाही. रिद्धी म्हणाली, "घरी तरी करत जा हं, ताकद उसनी असते, रोज फेडावी लागते." दिपमाला हो म्हणाली. सरकारी नोकरीतलं तिचं हे पहिलं असत्य आणि ते खासगी बाईला बोलावं लागलं.

*

तोतारामभाऊंनी शिकवणीला आधी नकार दिला. "मी कोणाला शिकवू? मला तरी दुसरी चाल कुठं येते?" पण नानांनी चहा मागवला, नोकरीचं सांगितलं, तेव्हा त्यांनी शिलाई मशीनवरचं ब्लाऊज बाजूला ठेवलं आणि दुकानाच्या दारापासून कपाटापर्यंत चालून दाखवलं.

"हात असा मांडीवर. दाबायचा. दाबला नाही तर गुडघा मोडतो."

दिपमालाने केलं. तिचा गुडघा मुळी मोडतच नव्हता, तो आवळणाऱ्यांतला. हात मांडीवर, कंबर बाहेर, आणि तिची स्वतःची चाल त्यात मध्ये मध्ये डोकावणार. नाना दारात उभे राहून "आखो थोडं, आखो थोडं" म्हणत होते, जसं बस मागे घेताना 'अजून थोडं' म्हणतात.

तिसऱ्या दिवशी तोतारामभाऊ मध्येच थांबले. "बाई, एक बोलू? हा हात मांडीवरून कधी सुटेल म्हणून मी बावन्न वर्षं वाट बघतोय. आणि तू तो ठेवायला शिकतीस."

दिपमालाने नानांकडे बघितलं. नाना म्हणाले, "तोताराम, तू शिवाणं काम कर." तोताराम परत ब्लाऊजकडे वळले. दिपमाला दोन दिवस नीट जेवली नाही. पण शिकवणीला जात राहिली.

इकडे योजनेचा पहिला भाग नानांच्या अपेक्षेपेक्षा चांगला चालला होता. पायांनी हुकूम पाळला. वरून आलेला हुकूम ते पहिल्यांदाच वेळेवर पाळत होते. पहिल्या आठवड्यात विशेष काही नाही. दुसऱ्या आठवड्यात सकाळी उठताना पोटऱ्या दोरखंडासारख्या झाल्या. तिसऱ्या आठवड्यात सलवार घालायला ती पुन्हा पलंगावर बसली. बसून राहिली. बराच वेळ. माय बाहेरून म्हणाली, "कचेरीले टाइम झाया," तेव्हा उठली, तीही पलंगाच्या पट्टीला हात टेकून.

चौथ्या आठवड्याच्या गुरुवारी ती कचेरीत पडली. जुन्या फायलींच्या खोलीला एकच पायरी आहे. हातात गठ्ठा, पाय पायरीवर, आणि गुडघा एकदम बाजूला गेला. गठ्ठा आधी पडला, मग ती. मनगट मुरगळलं, हनुवटी खरचटली. अभिमन धावत आला, साहेबही खुर्चीतून उठले, ही त्या कचेरीतली दुर्मीळ घटना. दिपमालाला दुखलं त्यापेक्षा भीती वाटली. पडण्याची नव्हे, लहानपणापासून ती पडतच आली होती. गेले वर्षभर ती पडली नव्हती, आणि ते वर्ष तीन आठवड्यांत परत गेलं होतं. आता नोकरी राहिली तरी त्या पायरीवरून ती रोज कशी उतरणार होती?

संध्याकाळी नाना आले. मनगटाची पट्टी बघून त्यांचा चेहरा उजळला.

"हाई बेस व्हयनं! बठ्ठी कचेरीनी देखं ना? साक्षीदार शेतस."

आबा भिंतीजवळून उठले. आयुष्यात थोरल्या भावासमोर त्यांनी आवाज वर केला नव्हता, तेव्हाही केला नाही. "भाऊ," ते म्हणाले, "तुम्हीन आते घर जा."

नानांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. मग त्यांनी टोपी घातली आणि गेले.

आबा आतल्या खोलीत गेले, कोपऱ्यातलं दप्तर आणलं, त्यातली अर्धी दादर काढून ठेवली आणि दप्तर पोरीसमोर ठेवलं.

"कर."

"आबा, सोमवारी तपासणी शे."

"सोमवारनं सोमवारले देखूत. आज कर."

तिने केलं. पाच वेळा उठली, पाच वेळा बसली. सहाव्यांदा पाय थरथरले. आबांनी पुढे केलेला हात तिने धरला नाही. त्यांनीही तो मागे घेतला नाही.

*

सोमवारी सकाळच्या गाडीने तिघं जळगावला निघाले. तिघं, कारण नाना स्टँडवर आधीच येऊन उभे होते. एसटीच्या बाबतीत त्यांच्यावाचून कुटुंब प्रवास करू शकतं, हे त्यांना मान्य नव्हतं. शुक्रवार, शनिवार, रविवार ते घरी फिरकले नव्हते, राग तेवढाच.

रुग्णालयाच्या लांब ओसरीत बाकं होती आणि बाकांवर जिल्हाभरातली माणसं, प्रत्येकाच्या मांडीवर प्लास्टिकची पिशवी. वाटेत एरंडोलपर्यंत दिपमालाने मनाशी पक्कं केलं होतं, की जसे आहेत तसे पाय दाखवायचे. ओसरीत पोचेपर्यंतही ते पक्कं होतं. मग तिच्या आधीचा माणूस बाहेर आला. रावेरचा, कुठल्याशा खात्यात नोकरीला. बोटं तुटलेला हात छातीशी धरून तो बायकोला म्हणाला, "छत्तीस." बायकोने पिशवीचं तोंड गाठ मारून बांधलं.

"दिपमाला चुडामण पाटील!"

नाना कानाशी लागले, "मांडीवर हात. इसरू नको."

आत मोठी खोली. टेबलामागे पन्नाशीच्या डॉक्टर बाई, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, बशीने झाकलेला चहा शेजारी. बाजूला दोन डॉक्टर कागद बघत बसलेले. बाईंनी वर न बघताच म्हटलं, "भिंतीपर्यंत जा, वळा, परत या."

आणि दिपमालाचा हात मांडीवर गेला. तिने ठेवला असं म्हणणं अवघड आहे, तो गेला. कंबर बाहेर पडली, खांदा झुकला, तोतारामभाऊ भिंतीपर्यंत गेले, वळले आणि परत आले. बाजूच्या एका डॉक्टरांनी पेनाचं टोपण लावलं.

बाईंनी आता वर बघितलं होतं. "पुन्हा एकदा."

ती पुन्हा चालली.

"हं. बसा." बाईंनी चष्मा लावला. "कागदावर सेरेब्रल पाल्सी आहे. चाल पोलिओची आहे. तेही चालेल एक वेळ. पण जाताना पोलिओ डाव्या पायात होता, वळून येताना उजव्या पायात. पंचवीस वर्षं मी हे काम करतेय. फिरता पोलिओ पहिल्यांदा बघितला."

बाजूचे डॉक्टर खोकले. दिपमालाचे कान तापले. वळताना बाजू बदलली, हे तिच्या गावीही नव्हतं. आता चाळीसचा प्रश्नच राहिला नव्हता. आता सोंगाचा प्रश्न होता, आणि त्याच्यापुढची 'कार्यवाही' कोणत्या रजिस्टरात लिहितात हेही तिला ठाऊक होतं.

"कोणाची आहे?" बाईंनी विचारलं.

"काय, मॅडम?"

"चाल."

"आमच्या गल्लीत टेलर आहेत. तोतारामभाऊ."

"त्यांना परत द्या. त्यांची लागेल त्यांना. आता तुमची दाखवा."

दिपमाला उठली. हात दोन्ही बाजूंना सोडले. भिंतीपर्यंत गेली, वळली, आली. गुडघे घासले. टाच टेकली, न टेकली. तीन आठवड्यांपूर्वी ती याहून चांगली चालत होती आणि ते तिला प्रत्येक पावलाला कळत होतं.

मग बाईंनी तिला पलंगावर झोपवलं. कोन मोजायची प्लास्टिकची पट्टी गुडघ्याला लावली, घोट्याला लावली, आकडे सांगितले, बाजूच्यांनी लिहिले. "ढकला मला. आणखी जोरात." तिने ढकललं. "बरीच ताकद आहे की," बाई म्हणाल्या, आणि दिपमालाने ढकलणं थांबवलं. मग त्यांनी तिचं पाऊल हातात घेऊन एकदम झटक्याने वर ढकललं. पाऊल आपोआप थडथड थडथड उडायला लागलं, थांबेचना. बाईंनी शेजारच्यांना खुणेने दाखवलं.

"याचं सोंग कोणाला आणता येत नाही," त्या म्हणाल्या. "कितीही शिकवण्या लावल्या तरी. उठा. एका पायावर उभ्या राहा."

पाच सेकंद.

"आधी किती व्हायचे?"

दिपमालाने एकदा दाराकडे बघितलं. "अकरा."

"मग काय झालं?"

मग तिने सगळं सांगितलं. देवपूर, दप्तर, दादर, पत्र, नाना. व्यायाम बंद केला तो टक्के घसरू नयेत म्हणून. सांगताना तिचा आवाज एकदाच कापला, सलवारीपाशी. ते तिने सांगायला नको होतं, पण निघून गेलं.

बाईंनी बशी काढली, चहाचा एक घोट घेतला. थंड झाला होता. "म्हणजे टक्के घसरू नयेत म्हणून तुम्ही पाय घसरू दिलेत." त्यांनी कप बाजूला सारला. "अहो, इजा पायात नाही, मेंदूत आहे, आणि ती भरून येत नाही. व्यायामाने ताकद येते, तोल येतो, पडणं कमी होतं. हे जे पाऊल उडालं ना, ते नाही जात. हा आवळ नाही जात. आमच्या मोजपट्टीत तेही मोजतात. तुमच्या पायांनी चाळीसच्या खाली जायचं म्हटलं तर दुसरा जन्म घ्यावा लागेल, आणि त्यासाठी वेगळा अर्ज आहे."

"म्हणजे व्यायाम केला तरी..."

"रोज करा. चाळिशीनंतर हे पाय लवकर थकतात. आत्ता साठवलं नाही तर तेव्हा खुर्ची लागेल. तुम्हाला हे कोणी सांगितलं नाही?"

सांगितलं होतं. रिद्धीने चौदा महिन्यांत चौदा वेळा. पण रिद्धीच्या हातात शिक्का नव्हता.

"आणि ते सोंग?" दिपमालाने विचारलं, कारण न विचारता तिला झोप लागली नसती.

"कुठलं सोंग? मी तीनदा चालवलं. पहिल्या दोन वेळा घाबरला होतात." बाईंनी चष्मा काढला. "बाहेर बसा."

*

दीड तासाने चिठ्ठी मिळाली. बावन्न टक्के. कायमस्वरूपी. दिव्यांग कार्ड नंतर येणार होतं, पण आकड्यावर तीन सह्या होत्या.

आबांनी चिठ्ठी हातात घेतली, वाचली, उलटी करून मागेही बघितलं, काही 'परंतु' लिहिलेलं नाही ना म्हणून. मग ते ओसरीच्या पायरीवर बसले. नुसते बसले, पाय पसरून, जसं नांगरणी संपल्यावर बसतात. दिपमाला त्यांच्या शेजारी बसली. हसू आलं ते दोघांना एकदमच आलं.

नाना चिठ्ठी बघत उभे होते. "तीन टक्का गयात," ते हळहळले. "मनं नीट आयकतीस ते पासष्ट भेटतात."

ते तीन टक्के खरोखर कशामुळे गेले, हे मोजपट्टीच जाणे. दिपमालाने मात्र मनातल्या मनात ते देवपूरच्या नावावर टाकून दिले.

तिने तिथूनच रिद्धीला फोन लावला. खरं सांगितलं. पलीकडे आधी भांड्यांचा खणखणाट, मग एका दमात : "तीन आठवडे? तीन आठवडे, दिपमालाताई? पोलिओ? तुम्ही मला एक फोन करायचा होता, मीच सांगितलं असतं! चार किलोवरून आता परत दोन. बुधवारी या. आणि तुमच्या त्या नानांनाही घेऊन या, त्यांचेही गुडघे बघते मी."

नानांना निरोप दिला. नाना म्हणाले, "मना गुडघाले काय धाड भरी शे?" आणि गुडघा चोळत स्टँडकडे चालू लागले.

परतीची गाडी भरलेली होती. चढायला पायरी उंच. दिपमालाने दांडा धरला, एक पाय वर, दुसरा वर, चढली. दिव्यांगांसाठी राखीव असलेल्या सीटवर एक गृहस्थ बसले होते, धट्टेकट्टे, मांडीवर मिठाईचा पुडा. नाना पुढे सरसावले. पस्तीस वर्षांची सवय ओठांवर आली होती. दिपमालाने त्यांना हातानेच थांबवलं.

"दादा, ही सीट माझी आहे."

गृहस्थांनी तिला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. ती आत्ताच त्यांच्यासमोर पायरी चढून आली होती. "तुम्ही तर चांगल्या दिसता."

"हो, बरीच चांगली आहे," दिपमाला म्हणाली. "बुधवारपासून आणखी होणार आहे. उठा."

गृहस्थ पुड्यासकट उठले. ती बसली. आबांना मागे जागा मिळाली. नाना दांड्याला धरून उभे राहिले आणि गाडी बांभोरीचा पूल ओलांडते न ओलांडते तोच कंडक्टरला सांगू लागले, की तपासणी कशी कडक होती, साहेब कसे खवट होते आणि घरात एक जाणतं माणूस असलं की कसं बावन्न टक्क्यांवर काम भागतं. कंडक्टरने तिकिटं फाडत विचारलं, "तुम्ही आत होतात का, नाना?"

"मी बाहेर व्हतू," नाना म्हणाले. "पण बठ्ठं मनंच नियोजन व्हतं."

दिपमालाने खिडकीला डोकं टेकलं. नानांना खोडून काढावं असं तिला दोनदा वाटलं. मग एरंडोल यायच्या आत तिला झोप लागली.